नानांच्या बेटातली काठी

नाना सोनवण्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचा माल होता. पास आणि रिजेक्ट. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी विभागात काढली. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, जाडी मोजायच्या व्हर्निअरच्या चिमट्यात धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण व्हर्निअर सुटला नाही. तो शर्टाच्या खिशातून डोकं बाहेर काढून बसलेला असायचा. निकाल देण्याची खोडही तशीच राहिली. आमच्याकडे चहा प्यायले की कप खाली ठेवताना ते "पास" म्हणायचे. एकदा माझ्या नवऱ्याने चहा केला होता. नानांनी एक घोट घेतला, कपात पाहिलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, हा माल दुसऱ्या शिफ्टचा दिसतो."

नाशिकला सातपूरच्या बाजूला रो हाउसची आमची गल्ली होती. नानांची आणि आमची भिंत एकच. त्यामुळे तिकडे कुकरची शिट्टी झाली की इकडे आम्ही गॅस बंद करायला धावायचो. नाना आणि त्यांच्या पत्नी माई, दोघंही नामपूरकडचे. गल्लीशी ते शहरी मराठी बोलायचे, एकमेकांशी मात्र अहिराणी, आणि भांडण असलं तर अस्सल अहिराणी. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मला ती समजायला लागली, आणि समजायला लागल्यावर फारच आवडायला लागली.

भांडणाचा विषय बहुतेक वेळा बांबू असायचा.

नानांनी दाराशेजारी बांबूचं बेट लावलं होतं. रानातला जाडजूड बांबू नव्हे, रोपवाटिकेतून आणलेला शोभेचा. अंगठ्याहून थोडा जाड, हळदीसारखा पिवळा, आणि त्या पिवळ्यावर हिरव्या रेघा. दोन पेरांवरच्या रेघा कधी सारख्या नसायच्या. पावसाळ्यात नवा कोंब जमिनीतून डोकं काढायचा तेव्हा नाना त्याच्यासमोर उकिडवे बसून व्हर्निअर लावायचे. बांबू एकदा निघाला की वर वाढतो, जाड होत नाही. कोंबाची जी जाडी तीच जन्माची. त्यामुळे निकाल पहिल्याच दिवशी लागायचा. जुन्या बनियनचा ओला बोळा करून ते रोज सकाळी एकेक पेर पुसायचे. घरातली फडताळं इतकी कधी पुसली गेली नाहीत, असं माई म्हणायच्या.

माईंना ते बेट पहिल्या दिवसापासून नको होतं. दारात बांबू लावू नये, तो शेवटी कशाला लागतो ते सगळ्यांना माहीत असतं. माई कमरेतून वाकलेल्या होत्या. उभ्या असल्या तरी खाली पडलेलं काहीतरी शोधताहेत असं वाटायचं. रोज पहाटे तशाच वाकून त्या बांबूची पडलेली पानं झाडायच्या आणि झाडता झाडता तोंडाचा पट्टा सुरू असायचा.

"दारमा बांबू लावा, आते तिरडीनी काळजी मिटनी."

एकदा नाना वैतागले आणि गेटात उभे राहून, सगळी गल्ली ऐकेल असं ओरडले, "तुले या बेटनी काडी बी लागाव नही. शब्द देस मी!"

गल्लीने तो शब्द ऐकला आणि नेहमीप्रमाणे हसून सोडून दिला.

नाना बांबूतले फार मोठे जाणकार होते असं मात्र समजू नका. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली एका ड्रममध्ये त्यांनी दुसरा एक बांबू लावला होता. त्याची पेरं म्हणे मडक्यासारखी फुगतात. नानांनी त्याला शेणखत घातलं, पेंड घातली, दोन्ही वेळ पाणी घातलं. बांबू सरळसोट वाढला, एक पेर फुगेल तर शपथ. नाना रोपवाटिकेवाल्याशी भांडून आले. पुढे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सबंध पावसाळा जिना बंद. पाण्याचं काम माईंकडे आलं. माई गच्चीवर वाळवणं घालायला जायच्या, कपडे वाळत घालायला जायच्या, पण ड्रमकडे पाहायच्याही नाहीत. शेडखाली पाऊसही पोचत नव्हता. दिवाळीच्या सुमाराला नाना भिंत धरून धरून वर चढले आणि वरून त्यांची आरोळी ऐकू आली. त्या हंगामात आलेल्या प्रत्येक कोंबाला पोट सुटलं होतं.

उपाशी ठेवल्यावर पोट सुटतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माईंनी मात्र संधी सोडली नाही. "मी काळजी घेतली म्हणून आलं," असं त्या गल्लीभर सांगत फिरल्या, आणि नाना मान खाली घालून ऐकत राहिले. काळजी कसली घेतली ते दोघांनाही माहीत होतं.

कॉलनीच्या ग्रुपवर एकदा कुणीतरी बांबूची ती बोधकथा पाठवली. बांबू लावल्यावर पाच वर्षं काहीच उगवत नाही, माणूस नुसतं पाणी घालत राहतो, आणि मग तो एकदम आभाळाला टेकतो. तेव्हा मित्रांनो, धीर सोडू नका. खाली नमस्काराच्या हातांची रांग. नानांना टाइप करणं जमायचं नाही. त्यांनी आवाजातच उत्तर पाठवलं, "रिजेक्ट. पाच वर्षं काही उगवत नसलं तर ते बी मेलेलं असतं. नवीन आणा."

आता काठ्यांचं सांगते, कारण नानांची खरी ओळख तिथंच आहे.

एका पाडव्याला आमच्या गल्लीतल्या कुणाची तरी गुढीची काठी ऐन सकाळी मोडली. माईंनी नानांच्या बेटातली एक काठी कापून दिली. द्यायचं कारण त्यांनी उघड सांगितलं, "तेवढंच बेट कमी झालं." पण ती पिवळीधमक काठी उन्हात अशी काही झळकली की पुढच्या वर्षी आणखी दोन घरं मागायला आली, आणि बघता बघता सगळी गल्ली. मग त्यात माईंनाही रस आला. फाल्गुनातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात नाना काठ्या कापायचे. चांदण्यात कापलेल्या बांबूला भुंगा लागतो म्हणून. कापताना नियम एकच. तीन पावसाळे पाहिलेली काठीच गुढीला. "या वर्षीचं पोरगं उंच दिसतं," ते म्हणायचे, "पण आत नुसतं पाणी. डोक्यावर तांब्या आला की मान टाकतं. रिजेक्ट." मग व्हर्निअर लावून पास झालेल्या काठ्यांवर खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि त्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवायच्या. कुठली काठी कुठल्या घराला, हे माई ठरवायच्या. गॅलरी असलेल्यांना लांब, दाराशी उभारणाऱ्यांना बेताची, आणि आमच्या सासूबाईंना सगळ्यांत जाड. सासूबाईंचं जरीचं वस्त्र आणि तांब्याचा गडू दोन्ही माहेरचे, म्हणजे जडच.

आमच्या सासूबाई सायखेड्याच्या, गोदाकाठच्या. गल्लीचं सगळं शास्त्र त्यांच्या ताब्यात होतं. एकादशीला काय चालतं, ग्रहणात काय झाकायचं, सुतक कुणाला लागतं, याचा शेवटचा शब्द त्यांचा. पाडवा झाला की काठ्या माईंकडे परत यायच्या आणि त्यांच्या घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून उभ्या राहायच्या. माई बेटाला शिव्या देतच राहिल्या. आम्हीही कुणी त्या मनावर घेतल्या नाहीत.

मग माई आजारी पडल्या. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा नानांनी त्यांची खाट खिडकीशी घेतली. खिडकीबाहेर बेट होतं. दुपारी उन्हात पानांची सावली त्यांच्या चादरीवर हलत असायची. पहाटेचा झाडण्याचा आवाज बंद झाला आणि बेटाखाली पानं साचायला लागली. मी एकदा झाडू घेऊन गेले, तर नाना म्हणाले, "राहू दे सूनबाई. ती उठली की झाडंल." त्यांच्या बोलण्यात इतका भरवसा होता की मी झाडू घेऊन परत आले.

संक्रांत होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा माई गेल्या. सकाळची वेळ होती. मुलगा आणि मुलगी दोघंही पोचले होते. गल्लीतली पुरुषमंडळी जमली आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी तिरडीच्या सामानाच्या दुकानाला फोन लावायला लागलं. नाना आतून आले आणि म्हणाले, "थांबा." त्यांच्या हातात कोयता होता.

ते बेटाशी गेले. साचलेल्या पानांत उभे राहून त्यांनी एकेक बांबू हाताने चाचपला, आणि मग सवयीने खिशातून व्हर्निअर काढून लावला. आम्ही सगळे बघत होतो. तोंडातून "पास" शब्द निघाला मात्र, आणि ते पानांतच मटकन खाली बसले. पुढचं काम मुलाने केलं. शोभेचा बांबू बारीक, म्हणून दोन दोन जोडून बांधावे लागले. माई त्या पिवळ्या बांबूंवरून गेल्या. मी आयुष्यात इतकी रडले नव्हते.

पण गल्लीत कुजबुज व्हायची ती झालीच. गेटात उभं राहून दिलेला तो शब्द सगळ्यांनी ऐकला होता. जिने जन्मभर नको म्हटलं, तिलाच त्यावरून नेलं. सासूबाईंनीही घरी आल्यावर आंघोळ करून एवढंच म्हटलं, "नानांनी असं कराया नको होतं. दिला शब्द पाळावा माणसानं."

बघता बघता फाल्गुन आला. दुखवट्याच्या घरी काठी मागायला कसं जायचं, असं काही जण म्हणाले. ज्या बेटातून तिरडी गेली त्यातून गुढी कशी आणायची, असं काही जण म्हणाले नाहीत, पण त्यांच्या मनात तेच होतं. सगळ्यांनी आपापल्या काठ्या बाजारातून आणल्या. माझ्या नवऱ्यानेही आणली, हिरवट, गाठाळ, खालून चिरलेली.

पाडवा दोन दिवसांवर आला होता. संध्याकाळी मी शाळेतून येत होते, मी तिथं ऑफिसात कारकून होते, तर नाना गेटाशी खुर्ची टाकून बसलेले दिसले. मागे भिंतीला काठ्या ओळीने टेकवलेल्या. तेल लावलेल्या, पुसलेल्या, दर वर्षीसारख्या. उन्हात चमकत होत्या. एकही उचलली गेलेली नव्हती.

मी गेटाशी थांबले. तेच म्हणाले, "बरोबर आहे सूनबाई लोकांचं. बेटच रिजेक्ट झालं."

"असं नाही नाना. दुखवटा आहे म्हणून लोक..."

"मला कळतं ना." ते काठ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिनंच सांगितलं होतं. दुपारी पडल्या पडल्या बाहेर बघत होती. एकदम म्हणे, 'दुकानना नको. आपला शे ना.' मी म्हटलं, अगं, हा शोभेचा बांबू, याला भार सोसत नाही. तर हसली. म्हणे, 'मना भार आते कितला ऱ्हायना?'"

रस्त्यावरून रिक्षा गेली. नानांनी कलंडलेली एक काठी ओळीत नीट केली.

"तिचा शब्द पाळला, माझा मोडला. आता कुणाच्या दारी ही काठी चालायची? पाडवा झाला की माणूस येतोय कुदळ घेऊन. मुळापासून काढून टाकतो. नाही तर रोज बघायचं आणि रोज वाटायचं, की तिचं ऐकायला नको होतं."

मी घरी आले. सासूबाई कणीक मळत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, माई काय म्हणाल्या तेही. त्यांचे हात थांबले.

"ती सोता म्हणली? आपला हाय ना, असं?"

"हो."

"आन् हे कुणाला बोलले नाय ते?"

"नाही."

सासूबाईंनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या. नवऱ्याने आणलेली काठी दाराशी होती, ती त्यांनी त्याच्या हातात दिली. "ही जळमटं काढायला ठेव," म्हणाल्या, आणि निघाल्या. मी मागोमाग.

"नाना, आमची काठी कुठं हाय?"

नाना खुर्चीवरून उठले. "वहिनी, या बेटातून तिची..."

"ठाऊक हाय. मंग? पोर जन्मलं की सुपात घालतो, ते सूप कशाचं हाय? लग्नाचा मांडव कशाचा? बांबूला काय ठाऊक आपण कुठं चाललो ते. दुखवटा माणसाला असतो नाना, झाडाला नसतो. आन् मरणाऱ्या बाईनं आपल्या तोंडानं मागितलं, तिथं समदं शास्त्र सपलं. द्या काठी. बारकी नको. माई मला दर साली जाड द्यायची."

नानांनी एक काठी उचलली. व्हर्निअर काढून लावला, आकडा वाचला, पुन्हा लावला.

"पास म्हणा की," सासूबाई म्हणाल्या. "अडवून काय ठेवलंय मला?"

"पास," नाना म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसायला लागले.

सासूबाई काठी घेऊन सरळ घरी आल्या नाहीत. ती काठी खांद्यावर टाकून त्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेल्या, प्रत्येक गेटाशी थांबून, कुणाच्या घरी काय शिजतंय याची चौकशी करत. बाकी काही बोलल्या नाहीत. शास्त्रच स्वतः खांद्यावर काठी घेऊन चाललंय म्हटल्यावर आणखी बोलायची गरज नव्हती. अंधार पडायच्या आत नानांची भिंत मोकळी झाली. कुणाला कुठली काठी, याची थोडी ओढाताण झाली, कारण ठरवणाऱ्या माई नव्हत्या. पाडव्याच्या सकाळी सगळ्या गल्लीत पिवळ्या काठ्या लागल्या होत्या. नानांचं दार तेवढं दुखवट्यामुळे रिकामं होतं, आणि ते बनियनचा बोळा घेऊन बेट पुसत होते. कुदळवाला आला तेव्हा त्याला चहा देऊन परत पाठवलं.

त्या पावसाळ्यात, माईंसाठी कापलेल्या बुंध्यांच्या अगदी शेजारून एक कोंब आला. नानांनी तो मला बोलावून दाखवला. मोजलेला मात्र दिसला नाही. आणि पहाटेचा झाडण्याचा आवाज परत सुरू झाला. नाना झाडायला लागले होते. माईंइतकं स्वच्छ जमायचं नाही.

पुढच्या पाडव्यानंतर, मे महिन्यात, आम्ही ती गल्ली सोडणार होतो. माझ्या नवऱ्याची बदली झाली होती. म्हणून तो पाडवा मी जरा जास्तच डोळे भरून बघत होते. वर्ष सरलं होतं, त्यामुळे नानांच्या दारीही गुढी होती. माईंची हिरवी इरकल, कडुलिंबाचा डहाळा, साखरेचं हारकडं, वर तांब्या. पण गुढी सरळ उभी नव्हती. काठी मधोमध वाकून पार पुढे झुकली होती. बुंध्याशेजारचा तो कोंब. एकाच पावसाळ्याचा.

सासूबाईंनी गेटातूनच पाहिलं. "नाना, ही काठी रिजेक्ट नाय का?"

"रिजेक्टच आहे वहिनी."

"वाकली की ती."

"वाकू द्या," नाना म्हणाले. "ती बी अशीच वाकीसन चाले."

 सासूबाई हातातला प्रसाद त्यांना देऊन परत आल्या.

संध्याकाळी मी गच्चीवरून कपडे काढत होते. खाली नाना गुढी उतरवत होते. आधी त्यांनी हारकडं काढलं, मग डहाळा, मग साडी सोडवून नीट घडी करून खांद्यावर ठेवली. शेवटी स्टुलावर चढून हलकेच तांब्या उचलला. भार उतरला तशी काठी त्यांच्या हातातून सुटून सरळ झाली. नाना तांब्या पोटाशी धरून तिच्याकडे बघत राहिले. खिशात व्हर्निअर होता, पण त्यांचा हात तिकडे गेला नाही.

"पास," ते म्हणाले.